४१२ नको

कोकरे आप्पांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यावर लिहायचं म्हणून मी किमान चार वेळा वही उघडली आणि बंद केली. कारण साधं आहे. आप्पांची गोष्ट सांगायची तर मधे कुठंतरी मला माझी गोष्ट सांगावी लागते, आणि ती काही मिरवण्यासारखी नाही. पण आता माझेही गुडघे गेले, पेन्शनच्या रांगेत बसायला खुर्ची लागते. मग लाज तरी किती दिवस सांभाळत बसायची?

आप्पा दौंडला आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. वाचनालय म्हणजे पिठाच्या गिरणीच्या वरचा एक लांबट हॉल. खाली गिरणी सुरू झाली की वर कपाटांच्या काचा थरथरायच्या आणि संध्याकाळपर्यंत पुस्तकांवर पिठाचा पातळ थर बसायचा. आप्पा मूळचे वरवंडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. वडिलांची सगळी हयात कळपामागं गेली. हे मॅट्रिक होऊन इथं खुर्चीवर बसले. उंच, काटकुळे, अंगात नेहमी पांढरा शर्ट, आणि कानामागं शिसपेन्सिलीचा बोटभर तुकडा. पेन वापरत नसत. "पेननं लिवलेलं पुसता येत न्हाई," म्हणायचे.

मी रेल्वेत, पार्सल ऑफिसात कारकून. आमची ओळख झाली ती पार्सलमुळंच. वर्षातनं दोनदा वाचनालयाचं अनुदान यायचं, तेव्हा पुण्याचा पुस्तकवाला पॅसेंजरनं नव्या पुस्तकांचा गठ्ठा पाठवायचा, गोणपाटात शिवलेला. आप्पा स्वतः यायचे, रजिस्टरवर सही करायचे आणि गठ्ठा खांद्यावर घ्यायचे. मी एकदा म्हटलं, "आप्पा, हमाल घ्या की."

"नवं जित्राब घरी न्यायचं तर आपणच न्यावं," ते म्हणाले आणि चालू लागले.

आणि खरंच घरी न्यायचे. वाचनालयाच्या दारात 'नवीन आलेली पुस्तके' असा फळा होता. गठ्ठा आल्याची बातमी गावभर व्हायची, लोक फळ्यापुढं येऊन उभे राहायचे आणि फळा कोरा. चरित्रं, प्रवासवर्णनं, आरोग्याची पुस्तकं दुसऱ्या दिवशी कपाटात लागायची. कादंबऱ्या मात्र आप्पांच्या खोलीवर पंधरा पंधरा दिवस पडून. एकेक वाचून झाली की बाहेर यायची. लोक वैतागायचे. एका रिटायर्ड गार्डनं तर भर हॉलमधे विचारलं, "वाचनालय काय तुमच्या बापाचं हाय का, कोकरे?"

"न्हाई," आप्पा शांतपणे म्हणाले. "बापाचं असतं तर महिनाभर ठिवली असती."

मलाही आधी वाटायचं, माणूस हावरट आहे, फुकटात सगळं आपण आधी वाचून घेतो. मग एके दिवशी मी घरी नेलेली कादंबरी मागून उघडली. मागच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते, ती जरा सुटली होती. तिच्याखाली बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं : '९६ नको. ४१२ नको.' हे सभासदांचे नंबर होते. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक तसंच उघडून त्यांच्यापुढं धरलं आणि विचारलं, हे काय.

आप्पांनी आधी इकडंतिकडं पाहिलं, मग चिठ्ठी थुंकीनं परत चिकटवली. म्हणाले, "आमचा बाप कळप रानात सोडायच्या आधी एकटा आत जाऊन यायचा. ज्वारीचं पीक काढल्यावर खोडव्याला कोवळे फुटवे येत्यात. दिसायला हिरवेगार, पण खाल्लं की मेंढरू जागच्या जागी पडतं. म्हणून रान आधी आपण बघायचं, मग मेंढरं सोडायची."

म्हणजे कुणाच्या घरात काय झालंय ते हा माणूस डोक्यात ठेवायचा, आणि तसलंच ज्या कादंबरीत असेल ती त्या माणसाच्या हातात पडू द्यायचा नाही. शहाण्णव नंबरच्या बाईंची मुलगी सासरी जळून गेली होती. त्यांनी तसली कादंबरी मागितली की आप्पा सांगायचे, "बाइंडिंगला गेलीये." एकदा कुणीतरी पकडलं, "अहो, परवा आलेलं पुस्तक आज बाइंडिंगला?" तर हे म्हणाले, "शिलाई कच्ची निघाली." अर्धं वाचनालय कायम बाइंडिंगला असायचं.

त्यांचं सगळं बरोबरच होतं असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. सणसवाडीला कंपनीत कामाला असलेला आणि तिथंच खोली करून राहणारा एक माणूस दर शनिवारी घरी यायचा. त्याची बायको त्याला सोडून गेली होती, आणि आप्पा त्याला संसार मोडल्याची एक कादंबरी देत नव्हते. त्यानं दुसऱ्या सभासदाकडनं ती मिळवून वाचली आणि येऊन टेबलावर ठेवली. "मला हेच वाचायचं व्हतं, आप्पा," तो म्हणाला. "आपल्यासारखं आणखी कुणाचं झालंय का, ते मला बघायचं व्हतं. तुमी कोण ठरवणार?" त्याच दिवशी आप्पांनी कपाटातनं पंधरावीस पुस्तकं काढली आणि त्या माणसाचा नंबर सगळीकडनं रबरानं पुसला. पुसून झाल्यावर मला म्हणाले, "ह्याचं चुकलं माझं. पण चारशे बाराचं मी पुसणार न्हाई."

चारशे बारा म्हणजे सुभद्राबाई. रेल्वे कॉलनीत राहायच्या. नवरा लोको शेडला फिटर. एकुलता मुलगा, नितीन, सतरा वर्षांचा. आमच्या दौंडला यार्ड ओलांडायला पूल आहे, पण पुलावरनं जातो कोण? मालगाडी उभी असली की डब्याखालनं वाकून पलीकडं. शाळेची पोरं, भाजीवाल्या, मी स्वतः, सगळे तसेच जायचे. नितीन वाकला आणि गाडी हलली. शर्टावरनं ओळखायला आईला बोलावलं, कारण बाप ड्यूटीवर होता आणि सापडत नव्हता.

त्यानंतर बाई वर्षभर बोलत नव्हत्या. शेजारणीनं हाताला धरून वाचनालयात आणून बसवलं. आप्पांनी त्यांना एक हलकीफुलकी कादंबरी दिली. ती त्यांनी दोन दिवसांत परत आणली, दुसरी नेली. मग आठवड्याला चार. एकदा त्या माझ्यासमोर आप्पांना म्हणाल्या, "वाचत असते तवर डोकं गप असतं. पुस्तक संपलं की यार्डातलं डबे जोडल्याचं ऐकू येतं." एवढंच बोलल्या, सही केली आणि गेल्या. कॉलनीत राहणाऱ्याला तो आवाज दिवसातनं शंभरदा ऐकू येतो. आप्पा त्या बाईंना एकही दिवस रिकाम्या हातानं पाठवत नसत. आणि आई, मुलगा आणि मरण ज्यात एकत्र आलंय असं एक पानही त्यांच्यापर्यंत जाऊ देत नसत. अकरा वर्षं त्यांनी हे सांभाळलं.

मग त्यांचे डोळे गेले.

मला ते कळलं रजिस्टरवरनं. नवा गठ्ठा घ्यायला आले आणि सही केली ती रकान्याबाहेर, पार टेबलाच्या लाकडावर उतरली. मी बघत राहिलो. ते म्हणाले, "काय बघताय सोनवणे? काचबिंदू हाय. पुण्याला जाऊन आलो. गेलेलं येत न्हाई म्हणाले." समोरच्या माणसाचा आकार दिसायचा, अक्षर दिसत नव्हतं. हे कुणालाच कळलं नव्हतं, कारण वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक त्यांना हाताला लागून माहीत होतं, आणि माणसं ते जिन्यावरच्या पावलांवरनं ओळखत होते.

"कमिटीला सांगा की," मी म्हटलं.

"सांगितलं तर मला घरी बसवतील. बसवू देत. पण मग त्या खुर्चीत कोण येईल? सही घिऊन पुस्तक देणारा येईल." मग म्हणाले, "तुम्ही वाचाल का माझ्या वतीनं? सगळं नको सांगायला. कोण जातं आन् कसं जातं, तेवढं सांगा."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. पार्सल ऑफिसात उभ्या आयुष्यात माझ्यावाचून कुणाचं अडलं नव्हतं. गठ्ठा आता माझ्या क्वार्टरवर जायला लागला. मी वाचायचो आणि रविवारी सकाळी आप्पांच्या खोलीवर जाऊन सांगायचो. ते स्टोव्हवर चहा टाकायचे, भांड्याच्या आवाजावरनं उकळी ओळखायचे. माझं सांगून झालं की दरवेळी एकच प्रश्न : "मधी कोण जातं का?" मी सांगायचो. मग नंबर मी लिहायचो, ते सांगतील तसे. दोन वर्षं हे असंच चाललं.

पहिलं वर्ष मी ओळ न ओळ वाचली. दुसऱ्या वर्षी जरा सैल झालो. माणूस आहे, कंटाळा येतो. त्यात दिवाळीच्या तोंडावर पार्सलांची ही गर्दी, ऑफिसात पाय ठेवायला जागा नाही. त्या गठ्ठ्यात एक चारशे पानांची जाडजूड कादंबरी होती. खेड्यातलं घर, दोन भाऊ, शेतीची वाटणी. मी दीडएकशे पानं वाचली, मग शेवटचं पान पाहिलं. शेवटच्या पानावर लग्न होतं. मांडव, हळद, सगळे खूश.

रविवारी मी आप्पांना घर, भाऊ, वाटणी एवढं सांगितलं आणि म्हटलं, "घरगुती हाय. शेवट गोड हाय."

"मधी कोण जातं का?"

"न्हाई," मी म्हटलं.

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि जरा वेळ माझ्याकडं तोंड करून बसले. मग म्हणाले, "बरं. सुभद्राबाईंना जाडं पुस्तक हवंच व्हतं. दिवाळीत आपण चार दिवस बंद असतो."

दिवाळी झाल्यावर पहिल्याच दिवशी बाई आल्या. संध्याकाळचे पाच वाजले असतील. मी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी होतो, शेजारी कमिटीचे अध्यक्ष बसले होते. बाईंनी पुस्तक आप्पांपुढं ठेवलं. एका पानाचा कोपरा मुडपलेला होता. बाईंनी आजवर कधी पान मुडपलं नव्हतं.

"आप्पा, तुमी हे वाचलं व्हतं का?"

आप्पांनी पुस्तकावर हात ठेवला.

"ह्यात धाकटा विहिरीत पडतो," बाई म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. "त्याच्या आईला शर्ट वळखायला बोलावत्यात. कसला शर्ट, कुठं फाटल्याला, सगळं लिवलंय. मी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वाचलं. इतकी वर्सं झाली, तुमी दिलेलं मी डोळं झाकून वाचत आले. म्हणून इचारते. वाचलं व्हतं का?"

खाली गिरणी चालू होती. मी मान वर केली नाही. माझ्यापुढं वर्तमानपत्र होतं, आणि त्यातलं एक अक्षर मला आज आठवत नाही. आप्पा नुसतं म्हणाले असते, "वाचायला सोनवण्यांकडं होतं," तर ते खरंच होतं. मी ते तीन शब्द ऐकायची वाट बघत बसलो होतो.

"न्हाई वाचलं," आप्पा म्हणाले. "मला दिसत न्हाई, सुभद्राबाई. दोन वर्सं झाली."

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि आप्पांच्या डोळ्यांकडं पाहिलं.

बाई म्हणाल्या, "मग मला सांगायचं न्हाई व्हय? मी वाचून दाखवलं असतं तुमाला. मी तर रिकामीच असते."

त्यांनी पिशवीतनं सभासदाचं कार्ड काढलं, पुस्तकावर ठेवलं आणि जिना उतरल्या. एकेक पायरी. त्या रस्त्यावर पोचेपर्यंत आप्पा कान देऊन होते. मी उठलो नाही. तेव्हा उठलो असतो, चार पावलं टाकून नुसतं "बाई, मी" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण बूड खुर्चीला चिकटल्यासारखा बसलो. हे लिहायला मला इतकी वर्षं का लागली, ते आता कळलं असेल.

कमिटीनं महिन्याभरात आप्पांना शाल-नारळ देऊन निरोप दिला. भाषणं झाली. मीही बोललो, आणि बरं बोललो म्हणे. नवा ग्रंथपाल आला. तो गठ्ठा सकाळी फोडायचा आणि दुपारी फळा भरलेला असायचा. लोकांना फार आवडला. सुभद्राबाई परत आल्या नाहीत. मी कॉलनीतनं जायचो तेव्हा त्या क्वार्टरच्या पायरीवर बसलेल्या दिसायच्या, हात मांडीवर, हातात काही नाही. यार्डात डबे जुळले की त्यांचे खांदे हलायचे. एकदा मी पिशवीत पुस्तक घालून गेलो, आणि पायरीपाशी पोचल्यावर वळून परत आलो. पुढं नवरा रिटायर झाला आणि दोघं शिरूरकडं गावी गेली. तिथनं आलेला एक पॉइंट्समन म्हणाला, बाई आता कुणाशी बोलत नाहीत, जेवणसुद्धा कुणीतरी पुढं ठेवावं लागतं.

आप्पा वरवंडला धाकट्या भावाकडं राहायला गेले होते. मला त्यांच्याकडं जायला वर्ष लागलं. एका रविवारी वाचनालयातली नवी कादंबरी घेतली, नुकतीच फळ्यावर लागलेली, आणि एसटीत बसलो. आप्पा ओट्यावर बसले होते, पाठीला उशी. पलीकडं वाघरात, जाळीच्या कुंपणात, चारदोन मेंढरं होती. माझी पावलं वाजली तसं म्हणाले, "या सोनवणे. उशीर केलात." भावजयीनं पाणी आणलं. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं, पानांची कड बोटांनी चाळवली, म्हणाले, "दोनशेच्या आतबाहेर. वाचा."

मी सकाळी दहाला सुरुवात केली. ते डोळे मिटून ऐकत होते. मधे एकदा माझ्याकडनं दोन पानं एकदम उलटली. नवी पानं चिकटलेली असतात. मी पुढं वाचायला लागलो तेवढ्यात ते म्हणाले, "दोन उलटली. मागं या."

मी मागं आलो. ते हळू म्हणाले, "त्या बारीलाबी मला कळलं व्हतं. चारशे पानं, आन् तुम्ही वाटणीवरनं एकदम शेवटाला गेलात. मधलं काहीच सांगितलं न्हाई."

"मग दिलं का तुम्ही त्यांना?" मी विचारलं.

"तुम्हाला टोकलं असतं तर तुम्ही वाचायचं बंद केलं असतं. मग मला घरी बसावं लागलं असतं. म्हटलं, एवढ्या बारीला असंल बरोबर." त्यांनी तोंडावरनं हात फिरवला. "आमचा बाप रान बघितल्याबिगर कळप सोडत नव्हता. मी सोडला. तुमचं नाव घ्यायला मला तोंड कुठं व्हतं? वाचा पुढं."

मी वाचलं. त्या कादंबरीतही निम्म्यावर एक मुलगा जातो, तापानं, आईच्या मांडीवर. तिथं मी थांबलो, तर म्हणाले, "थांबू नका." दुपारी भावजयीनं भाकरी दिली, परत वाचलं. उन्हं उतरली, मेंढरं कोकलायला लागली, तेव्हा पुस्तक संपलं. माझा घसा बसला होता. रडू येत होतं ते घशामुळं, असं मी स्वतःला सांगत होतो.

आप्पांनी विचारलं, "सुभद्राबाई येत्यात का वाचनालयात?"

माझ्या मनात पॉइंट्समनचं बोलणं आलं. मी म्हटलं, "येतात. मंगळवारी, शुक्रवारी. दोन दोन नेतात."

"मग लिवा मागं."

त्यांनी कानामागनं पेन्सिल काढून माझ्यापुढं धरली. डोळे गेले तरी तुकडा होताच तिथं. मी मागचं पान उघडलं, चिठ्ठीची कड उचकटली आणि लिहिलं : '४१२ नको.'

"झालं?"

"झालं."

"आणा इकडं," ते म्हणाले. मी पुस्तक त्यांच्या मांडीवर उघडून ठेवलं. त्यांनी चिठ्ठीखाली तर्जनी सरकवली आणि मी खरंच लिहिलंय का, ते चाचपून पाहिलं.